कॅबिनेट उघडले आणि आवाज गेला

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलला, मदरबोर्ड बदलला किंवा नुसती आतली धूळ साफ करून घेतली. मशीन सुरू होते, पडद्यावर सगळे नीट दिसते, इंटरनेट चालते. आवाज मात्र येत नाही. दुरुस्तीच्या दुकानांना ही तक्रार नवी नाही आणि तिच्यावरची दोन उत्तरेही ठरलेली आहेत : ‘विंडोज मारावी लागेल’, म्हणजे पुन्हा टाकावी लागेल, किंवा ‘बोर्डाचा साउंड उडालाय’. पहिल्या उत्तरापायी संगणकाची लावलेली सगळी घडी मोडते, दुसऱ्यापायी चांगला बोर्ड बदलला जातो. दोन्ही उपाय अगदी शेवटचे आहेत. त्यांच्याआधी तपासण्यासारखे बरेच काही असते आणि त्यातले जवळजवळ सगळे घरच्या घरी, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक टॉर्च घेऊन तपासता येते.

कामाच्या आधी आवाज येत होता आणि कामानंतर येईनासा झाला, ही माहितीच मोठी आहे. असा आवाज सहसा मेलेला नसतो. तो वेगळ्याच वाटेने निघालेला असतो, नाहीतर एखादी जोडणी राहिलेली असते, नाहीतर कुठेतरी एखादा पर्याय बंद पडलेला असतो. नेमके काय घडले हे शोधायचे तर आवाज कोणत्या रस्त्याने येतो ते माहीत हवे.

आवाजाचा रस्ता

संगणकात गाणे असते ते आकड्यांच्या रूपात. सीडीवरच्या संगीतात दर सेकंदाला प्रत्येक बाजूची ४४,१०० मोजमापे असतात. संगणकाच्या आत बहुधा ४८,००० चा हिशेब चालतो. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, मीटिंगचे अ‍ॅप अशा सगळ्यांचे आकडे विंडोज एकत्र करते आणि त्या वेळी जे आउटपुट निवडलेले असेल त्याच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवते. ड्रायव्हर ते ऑडिओ कंट्रोलरकडे पोचवतो. मदरबोर्डचा हा कंट्रोलर बहुधा चिपसेटमध्येच असतो. तिथून आकडे कोडेक नावाच्या लहान चौकोनी चिपकडे जातात. बोर्डाच्या एका कडेला, मागच्या जॅकांच्या जवळपास ही चिप सापडते. तिच्यावर बहुतेक वेळा रिअलटेकचे नाव आणि ‘एएलसी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर होते ते इथे. मग त्या लहरी मागच्या किंवा पुढच्या जॅकमधून, वायरने स्पीकरपर्यंत पोचतात.

आवाज बोर्डावरच असणे ही तशी अलीकडची सोय. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर बाजारात आणले, त्या काळी चांगला आवाज हवा तर वेगळे कार्डच घ्यावे लागे. १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ हे मानक आणले आणि आवाज हळूहळू मदरबोर्डवर सरकला. २००४ मध्ये त्याची जागा एचडी ऑडिओ या मानकाने घेतली. आजच्या बहुतेक डेस्कटॉपवरचा आवाज याच मानकाचा आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर सांगितलेला रस्ता संगणकातला एकमेव रस्ता नाही. ग्राफिक्स कार्डात स्वतःचा वेगळा ऑडिओ कंट्रोलर असतो. तो एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही मॉनिटरकडे पाठवतो. या रस्त्यावर मदरबोर्डच्या कोडेक चिपचा काहीही संबंध येत नाही. यूएसबी हेडफोन लावला तर तो तिसरा रस्ता; त्याची आवाजाची चिप त्याच्याच पोटात असते. म्हणजे एकाच डेस्कटॉपला दोन-तीन स्वतंत्र आवाज असतात आणि त्यातला कोणता वापरायचा ते विंडोज ठरवते. हार्डवेअरचे काम झाले की हा निर्णय बदलू शकतो.

आधी बाहेरून

स्पीकरपासून सुरुवात करावी. स्पीकरची स्वतःची वीज चालू आहे का, त्याचे बटण फिरवलेले आहे का, हे पाहून त्याची पिन जॅक असलेल्या मोबाइलला, लॅपटॉपला किंवा टीव्हीला लावावी. तिथे आवाज आला तर स्पीकर आणि वायर दोन्ही शंकेतून सुटले.

मग कॅबिनेटची मागची बाजू. काम झाल्यावर कॅबिनेट टेबलाखाली सरकवले जाते आणि पिना अंधारात चाचपडत लावल्या जातात. स्पीकरची पिन हिरव्या जॅकमध्ये जाते. गुलाबी जॅक माइकचा, निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा. सहा जॅकांचा बोर्ड असला तर नारिंगी, काळा आणि राखाडी हे जास्तीच्या स्पीकरांसाठी असतात. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून काढलेल्या ‘पीसी ९९’ मार्गदर्शिकेमुळे हे रंग रुळले. काही बोर्डांवर सगळे जॅक काळेच असतात. तिथे शेजारी कोरलेली खूण टॉर्चने पाहावी. वेगळे साउंड कार्ड बसवलेले असेल तर मागे दोन हिरवे जॅक असतात, एक बोर्डाचा आणि एक कार्डाचा. चुकीच्या हिरव्यात पिन जाणे अगदी सहज घडते.

बोर्ड किंवा कॅबिनेट बदलले असेल तर आणखी एक जागा नीट पाहावी. मागच्या जॅकांभोवती पत्र्याची पातळ पट्टी असते. तिला आतल्या बाजूने लहान लहान जिभा असतात. बोर्डाच्या जॅकांना आणि पोर्टना टेकून राहणे हे त्यांचे काम. बोर्ड बसवताना एखादी जीभ वाकून थेट भोकात शिरते. मग पिन पूर्ण आत जात नाही किंवा आत पत्र्याला टेकते. टॉर्च तिरका धरून जॅकमध्ये डोकावले की चकाकणारा पत्रा दिसतो. त्यावर उपाय एकच : बोर्ड सोडवून, पट्टी नीट करून पुन्हा बसवणे. बाहेरून चिमट्याने ओढाओढ केली तर जॅकच्या आतले नाजूक स्पर्शबिंदू तुटतात.

विंडोजने वाट बदलली

नवे ग्राफिक्स कार्ड किंवा नवा मॉनिटर आल्यावर गेलेला आवाज बहुतेक वेळा इथे सापडतो. कार्डाचा ड्रायव्हर टाकला की त्याच्याबरोबर त्याचा ऑडिओ ड्रायव्हरही येतो. आउटपुटच्या यादीत मॉनिटरचे नाव दिसू लागते आणि विंडोज पुष्कळदा त्यालाच मुख्य आउटपुट करते. त्या मॉनिटरला स्पीकर नसतील तर सगळा आवाज तिथे जाऊन थांबतो. टास्कबारवरचे चिन्ह ठीक, आवाजाची पट्टी वर, कुठे काही चुकलेले दिसत नाही आणि घरात शांतता.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘साउंड’ असे जावे. वरच आउटपुटची यादी दिसते. मॉनिटरच्या नावाऐवजी ‘स्पीकर्स’ आणि त्यापुढे रिअलटेक किंवा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असे लिहिलेली ओळ निवडावी. विंडोज १० मध्ये त्याच जागी उतरती यादी असते. आवाज मॉनिटरमधूनच हवा असेल तर त्याच्या मागे हेडफोनचा जॅक आहे का ते पाहावे. बऱ्याच मॉनिटरना तो असतो आणि एचडीएमआयने आलेला आवाज त्यातून बाहेर घेता येतो.

यादीत स्पीकर्स दिसतच नसतील तर त्याच पानावरच्या ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ने जुनी खिडकी उघडते. विंडोज १० मध्ये याच दुव्याला ‘साउंड कंट्रोल पॅनल’ म्हणतात. तिथे ‘प्लेबॅक’च्या यादीत रिकाम्या जागी उजवे क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’ आणि ‘शो डिस्कनेक्टेड डिव्हाइसेस’ या दोन्हींवर खूण करावी. बंद केलेले किंवा पिन न ओळखलेले आउटपुट आता फिकट रंगात दिसते. बंद असेल तर उजव्या क्लिकने चालू करता येते. ‘नॉट प्लग्ड इन’ असे लिहिलेले असेल तर शोध जॅककडे वळवायचा.

हिरवी पट्टी काय सांगते

याच खिडकीत प्रत्येक आउटपुटच्या उजवीकडे एक उभी पट्टी असते. गाणे लावले की ज्या आउटपुटकडे आवाज जात असेल त्याची पट्टी हिरवी होऊन वरखाली हलते. या पट्टीमुळे सगळा रस्ता मधोमध दोन भागांत वाटता येतो.

पट्टी मॉनिटरसमोर हलत असेल तर वाट चुकली आहे; ती वर सांगितल्याप्रमाणे बदलावी. स्पीकर्ससमोर हलत असेल आणि तरी ऐकू येत नसेल तर विंडोजने आपले काम केले आहे. दोष त्याच्या पलीकडे, म्हणजे कोडेक, जॅक, वायर किंवा स्पीकर यांत आहे. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकून सहसा काही साधत नाही. पट्टी कुठेच हलत नसेल तर दोष अलीकडे आहे : प्रोग्रॅमचाच आवाज बंद आहे, त्या प्रोग्रॅमने स्वतःचे वेगळे आउटपुट धरून ठेवले आहे किंवा ड्रायव्हर बिघडला आहे. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये आउटपुट वेगळे निवडता येते, त्यामुळे यूट्यूबचा आवाज येतो आणि मीटिंगचा येत नाही असेही होते. ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमची पातळी वेगवेगळी दिसते.

दुकानातला माणूस विंडोज मारायला निघाला असेल तर त्याला आधी ही पट्टी दाखवायला सांगा.

बायोस आणि ड्रायव्हर

स्टार्टच्या बटणावर उजवे क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ हा गट पाहा. तिथे चार प्रकार दिसू शकतात. रिअलटेकची ओळ नीट असेल तर ड्रायव्हर जागेवर आहे. ओळीवर खाली वळलेला बाण असेल तर ते उपकरण कुणीतरी बंद केले आहे. पिवळा त्रिकोण असेल किंवा ‘अदर डिव्हाइसेस’खाली ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ असे लिहिलेले असेल तर चिप सापडली आहे, ड्रायव्हर नाही. आणि बोर्डाच्या आवाजाची ओळ कुठेच नसेल तर विंडोजला ती चिप दिसतच नाही. तेव्हा बायोसकडे, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जकडे, जायचे.

मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबले की बहुतेक बोर्डांचे बायोस उघडते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ किंवा ‘पेरिफेरल्स’च्या पानावर ‘एचडी ऑडिओ कंट्रोलर’, ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ अशा नावाचा पर्याय असतो. तो ‘एनेबल्ड’ हवा. तो बंद असण्याचे एक कारण नेहमी विसरले जाते : पूर्वी कधी वेगळे साउंड कार्ड बसवले तेव्हा बोर्डाचा आवाज मुद्दाम बंद केला होता आणि आता ते कार्ड काढून टाकले आहे. काही बोर्डांवर हा पर्याय ‘ऑटो’ असतो आणि दुसरे कार्ड दिसताच बोर्डाचा आवाज आपोआप बंद होतो. याच्या उलटही घडते. बोर्डावरचा गोल सेल, म्हणजे ३ व्होल्टचा सीआर २०३२, बदलताना सगळे पर्याय मूळ जागी जातात, बंद ठेवलेला बोर्डाचा आवाज पुन्हा जागा होतो आणि विंडोजसमोर एकाऐवजी दोन आउटपुट येतात.

मदरबोर्ड बदलून जुनी हार्ड डिस्क तशीच लावली असेल तर विंडोजमध्ये जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर पडून असतात. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडले की ते फिकट दिसतात. आवाजाचे जुने नाव तिथून ‘अनइन्स्टॉल’ करावे. नव्या बोर्डाचा ड्रायव्हर त्या बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, बोर्डाचे नेमके मॉडेल पाहून घ्यावा. हे मॉडेल बोर्डावर ठळक छापलेले असते. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरे टाळावीत; त्यांच्याबरोबर नको त्या गोष्टी येतात. तात्पुरता उपाय हवा असेल तर विंडोजचा स्वतःचा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा ड्रायव्हर साधा आवाज देण्यापुरता बहुतेक बोर्डांवर चालतो.

आणखी एक बारकावा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून ड्रायव्हर किंवा बायोस बदलल्यावर रीस्टार्टच करावे.

आतली नऊ पिनांची जोडणी

मागच्या जॅकमधून आवाज येतो, पुढच्या हेडफोनच्या जॅकमधून येत नाही. किंवा पुढे काही लावलेले नसताना मागचा आवाज बंद. ही दोन्ही लक्षणे एकाच जागेकडे बोट दाखवतात. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकांपासून एक बारीक वायर निघते आणि मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या जोडणीवर बसते. एसएमपीएस बदलताना किंवा धूळ साफ करताना ही वायर हमखास निघते, कारण ती बोर्डाच्या अगदी खालच्या कडेला, सगळ्या वायरींच्या गर्दीत असते.

आत हात घालण्याआधी मशीन बंद करून प्लग भिंतीतून काढावा. प्लग लावलेला असेपर्यंत मशीन बंद असले तरी बोर्डाला ५ व्होल्टचा पुरवठा चालू राहतो. प्लग काढल्यावर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला साठा निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज बोर्डावर जाणार नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यानंतरही धोकादायक व्होल्टेज राहू शकते.

आता टॉर्च धरून पाहा. जोडणीशेजारी बोर्डावर बारीक अक्षरे असतात. आसुसच्या बोर्डांवर बहुधा ‘एएएफपी’, गिगाबाइटवर ‘एफ_ऑडिओ’, एमएसआयवर ‘जेएयूडी १’, एएसरॉकवर ‘एचडी_ऑडिओ १’. पाच-पाच पिनांच्या दोन रांगा असतात, पण दहापैकी आठव्या क्रमांकाची पिन मुद्दाम ठेवलेली नसते. वायरच्या टोकालाही तिथले भोक बुजवलेले असते, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते. यूएसबीची जोडणी अगदी अशीच दिसते, फक्त तिच्यात गाळलेली पिन रांगेच्या टोकाला असते; ऑडिओमध्ये ती टोकापासून दुसरी. घाईत या दोन वायरींची अदलाबदल होते. जोर लावला तर पिना वाकतात, आणि यूएसबीच्या पिनांवर ५ व्होल्टचा पुरवठा असल्यामुळे नुकसान तिथेच थांबत नाही. वायर सहज बसत नसेल तर जागा चुकली आहे असे समजावे.

जुन्या कॅबिनेटच्या वायरला दोन टोके असतात, एकावर ‘एचडी ऑडिओ’ आणि दुसऱ्यावर ‘एसी ९७’ लिहिलेले. आजच्या बोर्डावर एचडीचेच टोक लावायचे. दुसरे तसेच मोकळे सोडायचे. एसी-९७ च्या काळातला बोर्ड अजून कुणाकडे चालू असेल तर त्याची वेगळीच खोड आहे. तिथे पाच-सहा आणि नऊ-दहा या पिनांवर दोन लहान जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोप्या, बसवलेले असतात. पुढच्या जॅकांकडे न गेलेला आवाज मागे वळवण्याचे काम ते करतात. साफसफाईत ते हरवले की मागच्या जॅकचा आवाज बंद पडतो आणि चिप गेली असा समज होतो.

पिन आत आहे की नाही हे संगणकाला कसे कळते, ही या जोडणीतली सर्वांत सुंदर रचना आहे. प्रत्येक जॅकमध्ये एक छोटा स्विच असतो. पिन आत गेली की तो स्विच एका ठरावीक रोधाला, म्हणजे रेझिस्टरला, एका सामाईक वायरशी जोडतो. एचडी ऑडिओच्या मानकात हे रोध साधारण ५.१, १०, २० आणि ३९.२ किलो-ओहमचे असतात, प्रत्येक पुढचा आधीच्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे कोणतेही जॅक एकत्र वापरात असले तरी त्यांचा एकूण रोध वेगळाच येतो आणि तेवढ्या एका वायरवरून कोडेक चिप चारही जॅकांची स्थिती ओळखते. पुढच्या जोडणीत याच कामासाठी तीन पिना राखलेल्या आहेत. वायर अर्धवट बसली आणि यातली एखादी पिन सुटली तर आवाजाची वायर शाबूत असूनही संगणकाला हेडफोन दिसत नाही. उलट, पुढच्या जॅकचा स्विच धुळीने किंवा पावसाळी दमटपणाने अडकला तर हेडफोन लावलेलाच आहे असे चिपला वाटत राहते आणि ती मागचे स्पीकर बंद ठेवते.

याची परीक्षा सोपी आहे. प्लग काढून पुढची वायर बोर्डावरून सोडवावी आणि मशीन सुरू करावे. मागचा आवाज परत आला तर दोष पुढच्या जॅकांत किंवा त्यांच्या वायरीत आहे, बोर्डात नाही. पुढचे जॅक नको असतील तर वायर तशीच काढून ठेवली तरी काही बिघडत नाही.

वाद्ये ऐकू येतात, गायक नाही

काही वेळा हेडफोनमधून गाणे ऐकू येते, वाद्ये स्पष्ट असतात आणि गायकाचा आवाज मात्र लांबून आल्यासारखा किंवा अजिबात नसतो. हे सॉफ्टवेअरचे खेळ वाटतात, पण कारण साध्या वायरीत असते. हेडफोनच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर टोकाला डावी बाजू, मधल्या कड्यावर उजवी आणि बुंध्याशी दोघांची सामाईक परतीची वायर असते. ही परतीची वायर सुटली की वीज डाव्यातून उजव्यात फिरते आणि कानाला दोन्ही बाजूंतला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा मिसळलेला असतो. सारखे ते वजा होते, म्हणून गायक नाहीसा होतो. पिन पूर्ण आत ढकलावी; फरक न पडल्यास पुढच्या जोडणीची वायर पाहावी.

मोबाइलचा माइकवाला हेडसेट वापरत असाल तर त्याच्या पिनेवर टोक आणि बुंध्याच्या मध्ये दोन कडी असतात. डेस्कटॉपच्या वेगळ्या हेडफोन आणि माइक जॅकांसाठी त्याला दोन तोंडांचा स्प्लिटर लागतो.

बोर्ड बदलण्याआधीची शेवटची परीक्षा

इतके करूनही आवाज आला नाही तर दोष विंडोजमध्ये आहे की हार्डवेअरमध्ये, हे एका पेन ड्राइव्हवर ठरवता येते. उबंटूसारखे लिनक्स पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन सुरू करावे आणि डिस्कवर काहीही न टाकता ‘ट्राय’चा पर्याय निवडावा. तिथल्या सेटिंग्जमध्ये आउटपुट निवडून परीक्षेचा आवाज वाजवावा. लिनक्समध्ये आवाज आला तर चिप, जॅक, वायर सगळे ठणठणीत आहे. विंडोजचा ड्रायव्हर दुरुस्त करावा. तिथेही आवाज नसेल आणि बायोसमधला पर्याय चालू असेल तर चिप किंवा तिच्याभोवतीचे भाग बिघडले असण्याची शक्यता मोठी.

तेव्हाही बोर्ड बदलण्याची घाई नको. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत यूएसबीचे छोटे साउंड अ‍ॅडॉप्टर स्वस्तात मिळते. त्याच्या पोटात स्वतःचा कोडेक असतो, त्यामुळे बोर्डाच्या मेलेल्या चिपची गरजच उरत नाही. बोलणे, शिकणे, बातम्या, गाणी एवढ्या वापराला ते पुरते.

आवाज ही चैन नाही

या सगळ्या खटाटोपाला किती महत्त्व द्यायचे, हे समोर कोण बसले आहे त्यावर ठरते. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या आवाजावर. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी ऑस्ट्रेलियात २००६ साली एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला. तो मराठीतही बोलतो. अशा माणसाच्या मशीनमध्ये नवा मॉनिटर लागतो, विंडोज आउटपुट बदलते आणि त्याच्यापुरता संगणक पूर्ण बंद पडतो. आउटपुट दुरुस्त करायला लागणारा पडदाही त्याला आवाजातूनच कळतो. अशा घरी एक यूएसबी हेडफोन कायम हाताशी असावा. तो लावला की विंडोज बहुधा आवाज त्याच्याकडे वळवते आणि पुढची दुरुस्ती त्या माणसाला स्वतः करता येते. ऑनलाइन वर्गाला बसलेले मूल आणि परदेशातल्या मुलांशी आठवड्यातून एकदा बोलणारे आजी-आजोबा यांचेही आवाजावाचून तितकेच अडते.

म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांना एक विनंती आहे. मशीन परत देताना पडदा दाखवता, तसाच आवाजही ऐकवा : एकदा मागच्या जॅकमधून, एकदा पुढच्या. आणि मशीन घ्यायला जाणाऱ्यांनी आपला हेडफोन बरोबर न्यावा. काय काम केले, कोणती वायर काढली, कोणता ड्रायव्हर टाकला हे बिलावर लिहून मागावे. आवाज ऐकून पाहण्याची ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि पैसे देण्याआधीच ती करून घ्यावी.